सुरुंग लावण्यापूर्वी सडा एकदा पाहून घ्या

शेतकरी बंधूंनो, तुमच्या सातबाऱ्यावर 'पोटखराब' म्हणून जे क्षेत्र लिहिलेले असते, ते आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक करून गावावरच्या सड्यावर असते. तिथे भात नाही की नाचणी नाही. पावसाळ्याचे चार महिने गुरांना गवत, आणि एरवी नुसता तापलेला कातळ. वाटण्या होतात तेव्हा भाऊ-भाऊ बांधावरच्या फणसासाठी भांडतील, पण सड्याचा तुकडा कोणाकडे गेला याची फारशी फिकीर कोणी करीत नाही. अलीकडे मात्र या सड्याला भाव आला. कोणी सुरुंग लावून खड्डे मारले आणि हापूसची कलमे उभी केली, कोणी चिरेखाण घातली, कोणी मुंबईच्या माणसाला बंगल्यासाठी तुकडा विकला. यात वावगे काही नाही, पोटासाठी माणूस करणारच. परंतु त्या कातळावर आधी कोणी काही करून ठेवले आहे का, हे पाहण्याची आपल्याला सवय नाही. त्यासाठीच आजचा हा लेख.

रत्नागिरी, लांजा, राजापूर, देवगड, मालवण या भागांतल्या सड्यांवर अश्मयुगातील माणसाने कोरलेली चित्रे आहेत. त्यांना कातळशिल्पे किंवा कातळखोद चित्रे म्हणतात. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात सत्तरच्या आसपास ठिकाणी दीड हजारांहून जास्त चित्रे असल्याचे २०२२ साली सांगितले जात होते, आणि शोध त्यानंतरही थांबलेला नाही. युनेस्को या जागतिक संस्थेच्या वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत २०२२ मध्ये कोकणातील ही कातळशिल्पे दाखल झाली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातील कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवी हसोळ, जांभरुण आणि उक्षी ही सात ठिकाणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील पणसायमळ अशी एकूण नऊ ठिकाणे आहेत. संभाव्य यादी म्हणजे अंतिम मान्यता नव्हे, हे ध्यानात ठेवावे. लग्नाची बोलणी सुरू झाली आहेत, अक्षता अजून पडायच्या आहेत, असे समजा.

चित्रे तरी कसली, असे तुम्ही विचाराल. कशेळीचा हत्ती घ्या. कनकादित्याच्या देवळामुळे कशेळी गाव सर्वांना ठाऊक आहे, पण तिथल्या सड्यावर एक हत्ती कोरलेला आहे, तो सुमारे अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद आहे. आपल्या हिशेबात सांगायचे तर साठ फूट बाय त्रेचाळीस फूट. एकट्या हत्तीने सव्वादोन गुंठे व्यापले! आणि त्या हत्तीच्या अंगातच इतर कितीतरी लहान-मोठे प्राणी कोरले आहेत. जमिनीवर उभे राहून तो पुरता दिसतही नाही. मग कोरणाऱ्याने त्याचे माप धरले कसे? दोरी आणि खुंट्या वापरल्या असतील, की सगळे डोक्यातच होते? हातात लोखंड नव्हते, हे विसरू नका. दगडानेच दगड खोदायचा होता.

बारसूच्या सड्यावर एक माणूस आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वाघ. देवी हसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ मोठी चौकोनी नक्षी आहे. जांभरुणला एकाच ठिकाणी प्राणी, पक्षी, माणसे यांचा मेळा भरल्यासारखा दिसतो. याशिवाय ठिकठिकाणी मासे आहेत, कासवे आहेत, शार्क म्हणजे आपली मुशी आहे, पाकट आहे, मोर आहे, हरणे आहेत. कित्येक ठिकाणी माणसाचे फक्त कमरेखालचे पाय तेवढे कोरलेले आहेत. असे अर्धेच का, त्यावर अभ्यासकांची वेगवेगळी मते आहेत. समुद्रातले पाकट आणि रानातला वाघ एकाच कातळावर शेजारी शेजारी असणे, ही माझ्या मते या चित्रांची सर्वांत बोलकी खूण आहे. कोरणारा माणूस सकाळी खाडीवर आणि दुपारी रानात हिंडणारा होता. आपण 'खलाटी' आणि 'वलाटी' असे वेगळे करतो, तसे त्याने केले नव्हते.

नांगर नाही, बैल नाही

आता शेतकऱ्याने विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट सांगतो. रत्नागिरी जिल्ह्यातील इतक्या चित्रांत शेतीचे चित्र आढळत नाही. नांगर नाही, जू नाही, पेरणी नाही, दावणीला बांधलेली गाय नाही. जे आहे ते शिकारीचे आणि मासेमारीचे जग आहे. यावरून जाणकारांनी तर्क केला की ही चित्रे शेती सुरू होण्यापूर्वीची, शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून राहणाऱ्या माणसांची असावीत. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे संचालक तेजस गर्गे यांनी २०१८ साली सांगितलेला पहिला अंदाज इसवी सनापूर्वी दहा हजार वर्षांच्या आसपासचा होता, म्हणजे आजपासून बारा हजार वर्षे. सर्वच चित्रे एका काळातली नाहीत, काही पुष्कळ नंतरची असू शकतात. खोदलेल्या रेषेचे वय थेट मोजता येत नाही. कोळसा किंवा हाड मिळाले तर त्यावरून वय काढतात, रेषा म्हणजे नुसती खाच, त्यात मोजायचे काय? म्हणून आसपासच्या हत्यारांवरून, प्राण्यांवरून काळ ठरवावा लागतो.

त्या प्राण्यांतला एक फार महत्त्वाचा आहे, तो म्हणजे गेंडा. आज गेंडा बघायचा तर आसामात जावे लागते. कोकणात तो कोणाच्या आज्याच्या पणज्यानेही पाहिलेला नाही. मग कातळावर कोणी आणि कशाला कोरला? ऐकीव गोष्टीवरून इतका हुबेहूब प्राणी काढता येत नाही. गुजरातमध्ये लांघणज या ठिकाणी डॉ. ह. धी. सांकलिया यांनी केलेल्या उत्खननात अश्मयुगीन वस्तीत गेंड्याच्या खांद्याचे हाड मिळाले होते, आणि तिथल्या माणसाने ते ऐरणीसारखे वापरलेले होते. म्हणजे पश्चिम भारतात त्या काळी गेंडा होता, याला पुरावा आहे. गेंड्याला ओल हवी, उंच गवत हवे, डबकी हवीत. तेव्हा आपला हा उघडा-बोडका सडा आणि त्याखालच्या दऱ्या एकेकाळी कशा असतील, याची कल्पना तुम्हीच करा. काही आकृत्या पाणघोड्याच्या आहेत असेही म्हटले जाते, मला स्वतःला त्या तितक्या स्पष्ट वाटत नाहीत.

समुद्रसुद्धा आज आहे तिथे नव्हता. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी जगभर बर्फ साचलेला असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटरने खाली होती. पुढे बर्फ वितळत गेला तसे पाणी चढत आले. आपल्या किनाऱ्यासमोरचा समुद्रतळ दूरवर उथळ आहे, त्यामुळे पाणी थोडे जरी खाली गेले तरी कोसच्या कोस जमीन उघडी पडते. म्हणजे चित्रे कोरली त्या काळी किनारा बराच पश्चिमेला होता, आणि किनाऱ्यावरच्या त्या माणसांच्या वस्त्या आज पाण्याखाली असणार. खाली होते ते समुद्राने घेतले, वर सड्यावर होते तेवढे आपल्या वाट्याला आले. ही एक गोष्ट जरी ध्यानात घेतली तरी सड्याची किंमत कळते.

हाडे का मिळत नाहीत, असाही प्रश्न येतो. त्याचे उत्तर तुम्हाला कृषी सहायकाने माती परीक्षणाच्या वेळी दिलेलेच आहे. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. त्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. अशा मातीत हाड टिकत नाही, विरघळून जाते. दगड मात्र टिकतो. म्हणून गुहागर तालुक्यातील पालशेतच्या सुसरोंडी गुहेत डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना दगडी हत्यारे मिळाली, ती कोकणातल्या माणसाच्या सर्वांत जुन्या खुणांपैकी मानली जातात. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेतही पुरातत्त्व विभागाच्या उत्खननात दगडी हत्यारे निघाली. तिकडे मुंबईजवळ कांदिवलीला टॉड नावाच्या नौदलातील अधिकाऱ्याने १९३० च्या दशकातच अशी हत्यारे गोळा केली होती. सांगायचे इतकेच की कोकणात माणूस परशुरामाच्या बाणानंतर आला, त्याआधी सगळे पाणी होते, ही कथा कथा म्हणून छान आहे. दगडांचा हिशेब वेगळा आहे.

गुराख्यांना ठाऊक होते

ही चित्रे कोणी परदेशी पंडिताने विमानातून शोधली नाहीत. मालवण तालुक्यातील हिवाळे येथील चित्रे सतीश लळीत यांनी २००१ साली प्रकाशात आणली, पुढे कुडोपीचीही त्यांनीच. कुडोपीच्या चित्रांना गावकरी 'पांडवांची चित्रं' म्हणत होतेच. आपल्याकडे ज्याचा कर्ता ठाऊक नाही ते सगळे पांडवांनी एका रात्रीत केलेले असते! रत्नागिरी-राजापूरकडे सुधीर रिसबूड या इंजिनीअर गृहस्थांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पायपीट केली. त्यांनी एक चांगली युक्ती केली. शाळेतल्या मुलांना सांगितले, घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा, सड्यावर कुठे रेघा, आकृत्या पाहिल्यात का? आणि आजोबांनी सांगितले. गुरे राखताना पाहिले होते, पण आजवर विचारले कोणी होते? गोव्यातही तसेच. कुशावती नदीच्या काठी पणसायमळ, म्हणजे उसगाळीमळ येथील चित्रे १९९३ साली उजेडात आली, ती स्थानिक माणसांनी दाखवली म्हणून. तिथे बैलासारखे दांडगे प्राणी आहेत, गोल गोल फिरत जाणारी चक्रव्यूहासारखी आकृती आहे. ती सड्यावर नाहीत, नदीकाठच्या जांभ्यावर आहेत, हा फरक लक्षात घ्यावा.

काही गावांत चित्रांना देवत्व मिळाले आहे. रत्नागिरी भागात अशी पाच गावे असल्याचे २०१८ मध्ये सांगितले गेले होते. नारळ देतात, नमस्कार करतात. जिथे पूजा आहे तिथे चित्र राहिले आहे, कारण तिथे कोणी चिरा काढायला धजत नाही. अर्थात तेल-शेंदूर ओतून दगड काळा करणे हेही बरे नव्हे. परंतु शेंदूर परवडला, सुरुंग नको, असे म्हणावेसे वाटते.

कारण सुरुंगाचे काम एका दिवसात संपते. कलमांचा खड्डा तीन फुटांचा, त्यासाठी भोक पाडायचे, दारू ठासायची आणि मोकळे व्हायचे. हत्तीचा कान गेला की सोंड गेली, कोणाला पत्ता लागतो? चिरेखाणीत तर थरच्या थर कापून जातो. वरची दोन-चार इंच कातळाची साल हीच चित्राची पाटी असते आणि ती खाणीत पहिल्याच दिवशी निघते. रस्त्यासाठी जेसीबी, कंपाऊंडसाठी गडगा, डंपर वळवायला जागा, असे हळूहळू चालूच असते. बारसू-सोलगाव परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षण सुरू झाले तेव्हा मोठे आंदोलन झाले आणि कातळशिल्पांचे नाव देशभर गाजले. प्रकल्प हवा की नको हा या लेखाचा विषय नाही. मात्र प्रकल्पाविरुद्ध कातळशिल्पाचे नाव घेणाऱ्याने आपल्या स्वतःच्या सड्यावर काय चालले आहे तेही पाहावे, एवढे बोलल्यावाचून राहवत नाही.

जमीन जाईल का?

आता खरी मेख. चित्र सापडले असे कळवले तर सरकार जमीन घेईल, ही भीती. ही भीती खोटी म्हणून उडवून लावण्यात अर्थ नाही. धरणाला, रस्त्याला, औद्योगिक क्षेत्राला जमिनी देऊन मोबदल्यासाठी वर्षानुवर्षे खेटे घातलेली माणसे आपल्याच वाडीत आहेत. म्हणून तर चित्र दिसले की काही जण गप्प बसतात, आणि क्वचित कोणी रातोरात साफ करून टाकतो. तेव्हा नीट समजून घ्या. प्राचीन स्मारकांबाबत महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. खासगी जमिनीवरचे स्मारक संरक्षित म्हणून जाहीर झाले म्हणजे सातबारा आपोआप सरकारच्या नावावर जात नाही. मालकी मालकाची राहून जतनाबाबत मालकाशी करार करण्याची सोय कायद्यात आहे. बंधन येते ते त्या ठिकाणी खोदकाम, बांधकाम, नासधूस करण्यावर. जाहीर करण्याआधी हरकती मागवल्या जातात, त्या लेखी द्यायच्या असतात. आणि क्षेत्र किती? रत्नागिरी तालुक्यातील देऊडच्या कातळशिल्पाला २०२४ मध्ये राज्य संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केले, तिथे जाहीर केलेले क्षेत्र २१० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम दोन गुंठे आहे. तुमच्या चार एकर सड्यातले दोन गुंठे सोडून कलमे लावता येतात, याचा विचार करा.

उलट सरकारलाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. शेतकऱ्याने दोन गुंठे सोडले तर त्याला काय मिळते? अभ्यासासाठी २४ कोटी रुपये ठेवल्याची बातमी २०१८ सालीच आली होती. त्यातून जमीनमालकाच्या हाती काय पडले, हे गावात विचारून पाहावे. गाडी लावण्याच्या जागेचे शुल्क, घरगुती जेवण, वाट दाखवणाऱ्या पोरांची मजुरी हा पैसा गावात राहिला तरच सडा राहील. उक्षीला ग्रामस्थ आणि ग्रामपंचायत यांनी पुढाकार घेऊन तिथल्या हत्तीभोवती जांभ्याचा गोल कठडा बांधला. माणसे कठड्यावरून पाहतात, चित्रावर कोणी चढत नाही. बांधकाम साधे, आपल्याच चिऱ्याचे. इतर ग्रामपंचायतींनी निदान एकदा जाऊन बघून यायला काय हरकत आहे?

सरपंच, ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे), तलाठीभाऊसाहेब आणि पोलीस पाटील यांना खास विनंती. चिरेखाणीच्या ना-हरकत दाखल्याचा अर्ज मासिक सभेपुढे येतो तेव्हा तो कागदावरच मंजूर होतो. सही करण्याआधी त्या गट नंबरात चार माणसे घेऊन एक फेरी मारा. त्यांत एक म्हातारा गुराखी असू द्या, तो नकाशापेक्षा उपयोगी. चित्र आढळले तर गट नंबर, दिशा, फोटो असे लिहून ग्रामसभेच्या ठरावात नोंद घ्या आणि तहसीलदारांमार्फत पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी येथील कार्यालयाला कळवा. एकदा ठरावात आले की पुढे कोणाला 'आम्हाला ठाऊक नव्हते' म्हणता येत नाही.

ओळखायचे कसे? भर दुपारी जाऊ नका, काही दिसणार नाही. सकाळी उन्हे कलती असताना किंवा संध्याकाळी साडेचार-पाचनंतर जा. तिरप्या उन्हात खाचेला सावली पडते आणि रेषा उठून दिसते. खाच बोटभरापासून वीतभर रुंद आणि इंच-दोन इंच खोल असते. पुष्कळदा ती मातीने भरलेली असते आणि तिच्यातच गवताची ओळ उगवलेली असते. कातळावर गवत वाकडेतिकडे न उगवता ओळीने किंवा गोलाईत उगवलेले दिसले की समजा, खाली काहीतरी आहे. जांभ्याला मुळातच भोके आणि चिरा असतात, त्यांना फसू नका. नैसर्गिक चिरेची कडा ओबडधोबड असते, कोरलेल्या रेषेची रुंदी सारखी चालते. माती काढायची झाली तर हाताने किंवा केरसुणीने, कुदळ-पहार नको. फोटोसाठी रेषेत खडू, चुना, रंग भरू नये. वरून दुचाकी नेऊ नये. आसपास गारगोटीचे नखाएवढे धारदार तुकडे पडलेले दिसले तर ते उचलून घरी आणू नका. ती त्याच माणसांची हत्यारे असू शकतात, आणि कुठे पडली होती हे कळले नाही तर तो तुकडा नुसता दगड ठरतो.

हे सगळे करायला मुहूर्त लागत नाही, पण हंगाम लागतो. पावसाळ्यात सडा गवताने झाकलेला असतो, पाय कुठे पडतो ते कळत नाही. डिसेंबरात गवत कापून झाले की फेब्रुवारीपर्यंत कातळ मोकळा असतो. मार्चनंतर वणवे लागतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत कलमांचे खड्डे मारणारी मशीन गावात येते. तिला बोलावण्यापूर्वी, आगाऊ रक्कम देण्यापूर्वी, घरातल्या पोरांना घेऊन एक सकाळ सड्यावर काढा.